भिंतीकडची बाजू

दिवाळी उलटली की आमच्या कंपनीत कागदाचा आवाज बदलतो. पावसाळाभर तो ओल्या पंच्यासारखा पडून असतो, मशीनवर चढवला तरी कडा वळवून रुसतो. थंडी पडली की तोच कागद ताठ होतो. ढिगातून एक शीट ओढलं की दुसरं अंगाला चिकटायला बघतं, आणि घडीच्या मशीनमधून जाताना कोऱ्या लुगड्यासारखं सळसळतं. मग एखाद्या सकाळी औषधांच्या खोक्यांचा रोजचा पुठ्ठा बाजूला सरतो आणि गुळगुळीत पांढऱ्या कागदाचे ढीग आत येतात. कटिंग मशीनवरचे हरीशभाई चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "आली जनावरं."

जनावरं म्हणजे कोल्हा, कावळा, करकोचा, बेडूक, बैल, सिंह, उंदीर. फ्रान्समधल्या जुन्या प्राणीकथा, लहान मुलांसाठी, पानभर चित्रांच्या. दर थंडीत सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या आमच्या प्रेसमध्ये त्या छापल्या जातात, घडी होते, शिवण होते, खोक्यांत बसतात आणि जहाजानं निघून जातात. आम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नाही. अक्षरं तशी ओळखीची, पण शब्द कुठून धरावा तेच समजत नाही. म्हणून आम्ही ती पुस्तकं वाचत नाही, नुसती बघतो. बघून बघून आमची त्या जनावरांशी अशी ओळख झालेली आहे की नाव माहीत नसलेल्या शेजाऱ्याशी असते तशी. सकाळी दिसला की मान हलवायची, पुढे जायचं.

यंदाही ती आली. चित्रकार बदललेला दिसतो. यंदाच्या मुंगीला चष्मा आहे आणि कमरेला फडका खोचलेला आहे. मी पहिलं शीट उजेडात धरलं, आणि मशीनच्या घरघरीत एकदम गलोंडा गावातली आमची खोली, सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ, ती खाटेवरून खाली लोंबणारी दोन वेण्यांची मान माझ्यासमोर आली. कारण असं, की या रविवारी आम्हाला खोलीची भिंत खरवडायची आहे. घरमालक रंगकाम काढतोय. आणि त्या भिंतीवर मी एक गोष्ट चिकटवून ठेवलेली आहे. तिची एकच बाजू माझ्या मुलीला माहीत आहे.

ज्यांनी छापखाना पाहिलेला नाही त्यांना एक सांगायला हवं. पुस्तक पानापानानं छापत नाहीत. एका मोठ्या शीटवर सोळा पानं असतात, आठ या अंगाला, आठ त्या अंगाला. आणि ती ओळीनं नसतात. पहिल्या पानाशेजारी शेवटचं, त्याच्या डोक्याला डोकं लावून मधलंच कुठलं तरी, अर्धी पानं सरळ तर अर्धी उलटी. नव्या माणसाला वाटतं, काही तरी घोळ झाला. मलाही वाटलं होतं. कामाला लागलो त्याच आठवड्यात मी घाबरून हरीशभाईंकडे शीट घेऊन गेलो आणि म्हणालो, "भाई, कोल्हा उलटा छापला गेला."

हरीशभाई हसले नाहीत. त्यांनी शीट घेतलं, एकदा दुमडलं, पुन्हा दुमडलं, पुन्हा दुमडलं, नखानं कड दाबली आणि माझ्या हातात दिलं. उलटा कोल्हा सरळ झाला होता आणि त्याच्यासमोर कावळाही येऊन बसला होता, चोचीत चीज धरून.

"घडी पडू दे ना भाई," ते म्हणाले. "घडीच्या आधी बधा उलटाच असते."

बधा म्हणजे सगळं. त्यांचं मराठी असंच आहे, अर्धं गुजराती. माझंही कुठे धड आहे. घरात अहिराणी, मशीनवर हिंदी, दुकानात गुजराती, आणि कागदावर लिहायची वेळ आली की आठवीपर्यंतचं मराठी. आठवीत माझी शाळा सुटली. मी सोडली नाही आणि कुणी काढलंही नाही. आमच्या धुळ्याच्या साक्रीकडे थंडीत कांद्याची लागण असते. चार दिवस लागणीला जाऊन येतो म्हणून गेलो. वाफ्यात वाकून रोपं लावताना लांबून शाळेची घंटा ऐकू यायची, आणि रोज वाटायचं, उद्या. मग कांदे काढणीला आले, आणि तोपर्यंत माझ्या बाकावर दुसरा कुणी बसायला लागला होता. त्यानं मला उठ म्हटलं नसतं. मीच गेलो नाही. तेव्हापासून शाळेच्या दारात उभं राहिलं की माझ्या हाताला घाम येतो. आज मुलीची शाळा आहे, तरी येतो.

ज्या थंडीबद्दल लिहितोय, त्या थंडीत माझी मुलगी जागृती सहा वर्षांची होती. त्याआधी ती गावी माझ्या आईजवळ वाढली. आम्ही नवराबायको इकडे, ती तिकडे. गावात तिला सगळे रेडिओ म्हणायचे. बैलाशी बोलायची, चुलीशी बोलायची, एस.टी.च्या कंडक्टरला गावातल्या बातम्या द्यायची. पहिलीला घालायचं म्हणून जूनमध्ये तिला सिल्वासाला आणलं, आणि रेडिओ बंद झाला.

घरात कुजबुजायची, तेही अहिराणीत, कानाला तोंड लावून. शाळेत तेवढंही नाही. आमच्या चाळीत एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला ओडिशाची पोरं, नळावर वारली बाया, दुकानदार गुजराती. जागू सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ओठ कसे हलतात ते बघायची, आणि स्वतःचे घट्ट मिटून घ्यायची. कुणाचं लक्ष गेलं की माझ्या पायामागे.

तिच्या वर्गाच्या बाई चिपळूणकडच्या. नोकरीनं इकडे आलेल्या, मीसुद्धा लांबूनच आलेय हो, असं दर दोन वाक्यांनी सांगणाऱ्या. पहिल्या सत्राच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं.

"मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पाटीवर सगळं बरोबर काढते. पण अहो, पाच महिन्यांत मी तिचा आवाज ऐकलेला नाही. हजेरीला बोट वर करते नुसती. मला रागवायचं नाहीये तिला. पण अशी कोमेजत जाणार असेल तर बघा बुवा, आजीपाशीच बरी असेल कदाचित. तिथेही शाळा आहेच ना?"

मी हो म्हणालो. मास्तर-बाईंना मी कशालाही हो म्हणतो.

फोनवर आईचं हेच चाललं होतं. "पोर वाळी गयी रे. तुम्हीन दोन्ही कंपनीत, ती कोनासंगे बोली? मी संक्रातले येसू नि तिले लई जासू." म्हणजे संक्रांतीला येणार आणि नातीला घेऊन जाणार. ठरलंच. संगीता, माझी बायको, राखोलीच्या धाग्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाते.  त्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नेऊ द्या. पण मंग परत आनाले कोनी जाऊ नका. पोरीले दोनदा सोडणं मला जमायचं नाही." आणि तवा इतका तापवला की भाकरी करपली.

तर आमच्यापाशी संक्रांतीपर्यंतची थंडी होती.

इकडच्या चाळींत एक गंमत आहे. कोण कुठल्या कंपनीत आहे हे विचारावं लागत नाही. प्लॅस्टिकवाल्यांच्या खोलीत वाकड्या कडेच्या बादल्या असतात. धागावाल्यांकडे कपडे वाळत घालायची दोरी रंगीबेरंगी असते, पाच रंग पिळून केलेली. आणि प्रेसवाल्यांच्या भिंती कागदाच्या. काम संपलं की साहेबांना विचारून प्रत्येकजण वेस्टेजच्या शीटची एक गुंडाळी घरी नेतो. चुन्याची भिंत पावसाळ्यात घाम धरते, हात लागला की पांढरा होतो, म्हणून मैद्याची खळ करून शीट चिकटवायचे. बहुतेकांच्या भिंतींवर खोकल्याच्या औषधाचे बॉक्स असतात. हजार वेळा तेच नाव. निजलेला माणूस बरा व्हावा असं.

त्या वर्षी माझ्या वाट्याला जनावरं आली. हरीशभाईंनीच बाजूला काढून ठेवली होती.

"छोकरीला लाव," ते म्हणाले. "बोलत नाही ना? जनावर पण बोलत नाही. जमेल त्यांचं."

मी म्हटलं, "भाई, या पुस्तकात जनावरंच बोलतात."

"ते फ्रेंच बोलतात. आपल्याला शू फरक पडते?"

वेस्टेजचं शीट म्हणजे रंग बसायच्या आधीचं. मशीन सुरू केल्यावर पहिल्या काही शीटांवर रंग रेषेत बसत नाहीत. कोल्ह्याचा तांबूस रंग कोल्ह्याच्या बाहेर सरकलेला असतो, जणू तो उठून चाललाय आणि त्याचा आकार मागे राहिलाय. शिवाय तेच शीट पुन्हा पुन्हा मशीनमधून काढतात, म्हणून एका चित्रावर दुसरं पडतं. आमच्या खाटेशेजारच्या भिंतीवर करकोचा बैलाच्या पोटात उभा होता. बेडकाच्या डोळ्यांतून सिंहाची आयाळ उगवली होती. वरच्या रांगेतली सगळी जनावरं सरळ, खालच्या रांगेतली डोक्यावर. आणि या सगळ्यावर संगीतानं पातेली ठेवायची फळी ठोकली, त्यामुळे उंदीर फळीवर बसल्यासारखा दिसायला लागला.

माझी पाळी दुसरी होती. म्हणजे सकाळ आमची, जागूची आणि माझी. संगीता अंधारात निघून जायची, मग मी पाणी भरायचो, आणि आठच्या सुमाराला समोरच्या पत्र्याच्या शेडवरून ऊन उसळून खिडकीतून आत यायचं. ते आधी भिंतीच्या वरच्या कडेला लागायचं. सिंह पिवळा व्हायचा. मग ऊन एकेक जनावर उतरत खाली यायचं, सावकाश, आणि चहा होईपर्यंत उलट्या कोल्ह्यापाशी पोचायचं. अजूनही कधी रजेच्या दिवशी डोळे मिटून पडलो की मला ते ऊन दिसतं. त्यात कागदाची, मैद्याच्या खळीची आणि शाईची एक गोडसर वासाची सरमिसळ असते. ती खोली मला कधी खोली वाटतच नाही. एखाद्या न दुमडलेल्या पुस्तकात आम्ही तिघं राहत होतो असं वाटतं. पानं सगळी होती, फक्त घडी पडायची होती.

चिकटवल्यानंतरच्या दुसऱ्याच सकाळी जागू खाटेवर उताणी पडली आणि तिनं मान खाटेखाली सोडली. दोन वेण्या जमिनीला टेकल्या.  मग तिथूनच, कुजबुजून पण कानाला तोंड न लावता, म्हणाली,

"पप्पा, आते सिंह उलटा व्हयी गया."

मीही तिच्या शेजारी पडलो आणि मान खाली सोडली. खरंच की. कोल्हा सरळ झाला होता, कावळा सरळ झाला होता, आणि वरचे सगळे मानी लोक डोक्यावर उभे होते. चहा उतू गेला. आम्ही उठलो नाही.

तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. मी गोष्टी सांगायचो. कुठल्या? ज्या शेजारी शेजारी छापल्या होत्या त्या. मला काय माहीत फ्रान्सात कुणी कुणाला फसवलं. शीटवर कावळ्याच्या शेजारी करकोच्याचं उभ्या गळ्याचं भांडं होतं, म्हणून कावळ्याच्या चोचीतलं चीज त्या भांड्यात पडायचं आणि कोल्ह्याचं तोंड आत अडकायचं. मग बैल येऊन भांडं फोडायचा, कारण बैल डाव्या हाताला होता. बेडूक फुगायचा आणि त्यावर बसून उंदीर नदी ओलांडायचा, दमणगंगा, राखोलीच्या पुलाखालून. या पुस्तकाच्या मूळ लिहिणाऱ्याच्या कानावर हे गेलं असतं तर त्यानं कपाळाला हात लावला असता. पण जागू ऐकायची. मान खाली सोडून, रक्त चेहऱ्यात उतरून लालबुंद होऊन ऐकायची.

आणि कोपऱ्यात, दाराच्या चौकटीजवळ, मुंगीचं घर होतं.

चित्र साधंच. बर्फ पडलेला. त्यात एक पंखवाला बारका किडा उभा, आम्ही त्याला नाकतोडा म्हणायचो, काखेत सारंगीसारखं काही वाद्य, गळ्यात फाटका गमछा. समोर एक ठेंगणं दार. नाकतोड्यानं एक पाय उचललेला, आता ठोकणार. बस्स. दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता.

त्याच शीटच्या मागच्या अंगाला पुढचं पान होतं. मशीनवर मी ते पाहिलं होतं. त्यात मुंगी दारात उभी आहे, कमरेवर हात ठेवून, आणि पुढच्याच चौकटीत दार बंद आहे आणि नाकतोडा बर्फातून चालत निघाला आहे. पाठमोरा. शब्द वाचता येत नव्हते, पण बंद दार कुठल्याही भाषेत वाचता येतं.

शीट दोन्ही अंगांनी छापलेलं असतं आणि भिंतीला एकच अंग लावता येतं. त्या दिवशी हातात खळीचा ब्रश घेऊन मी बराच वेळ उभा होतो. संगीता म्हणाली, "काय बघून राह्यले? लावा ना, खळ वाळते." मी बंद दाराच्या अंगाला खळ लावली आणि ते भिंतीकडे केलं.

तसं का केलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आत्ता थोडं येईल. सिल्वासाला आलो तेव्हा मीही एका काखेत वळकटी घेऊन असाच दारात उभा राहिलो होतो, गावच्या एका माणसानं दिलेलं नाव घेऊन. ज्याचं नाव होतं तो कंपनी सोडून गेलेला. दार हरीशभाईंनी उघडलं. ओळख ना पाळख. त्यांच्या बाईंनी आतून विचारलं, "कोण छे?" ते म्हणाले, "खबर नथी. जेवला नाही वाटते." मी त्यांच्या ओट्यावर पावसाळाभर निजलो. कटिंग, घडी, घडी झालेल्या शीटांचे फर्मे जुळवणं, सगळं त्यांनी शिकवलं. ज्याच्यासाठी दार उघडलं गेलेलं असतं त्याला सुखानं निजता येतं असं नाही. त्याला सारखं वाटत राहतं की ते दार तेव्हा उघडलं नसतं तर. मी खूप सुखाच्या दिवशीही हा विचार करतो. ही खोड आहे, जात नाही.

जागूचं बोट त्या चित्रावर रोज जायचं.

"आते मुंगी दार उघाडी?"

"उघडेल."

"कव्हय?"

 भिंत अजून ओली होती, कागदाला फुगे आले होते. मी म्हणालो, "खळ वाळू दे. ओल्या खळीत दार अडकतं. वाळली की उघडेल."

मग ती रोज सकाळी हात लावून बघायची. खळ वाळली का. एक दिवस तिनं कुजबुजून जाहीर केलं, वाळली. मी म्हणालो, मग रात्री उघडलं असेल, आपण निजलो तेव्हा. ती विचार करत राहिली. मुंगीनं त्याला काय खायला दिलं असेल? आम्ही ठरवलं, बाजरीची भाकर आणि लसणाची चटणी. आणि त्यानं काय दिलं? त्यानं वाजवून दाखवलं. मुंगीच्या पोरींना नाचायला.

डिसेंबर गेला. जागू शाळेत गप्पच होती. आईनं तिळाचे लाडू बांधायला घेतल्याचं फोनवर सांगितलं, आणि जागूचे गावाकडचे कपडे वेगळे काढून ठेवा असंही. संगीतानं कपडे काढले, घड्या केल्या, पिशवीत भरले, परत काढले आणि धुवायला टाकले. स्वच्छ होते. तरी धुतले. अशी ती पिशवी दोनतीनदा भरली आणि रिकामी झाली. मी दोरीवर वाळणारे छोटे झगे बघत कामाला गेलो.

संक्रांतीच्या अलीकडची गोष्ट. पाळीला जायच्या आधी जागूला घ्यायला शाळेच्या फाटकाशी उभा होतो. बाई स्वतः बाहेर आल्या. त्या येताना दिसल्या तसा माझा हात घामेजला. आता दाखलाच हातात देतात की काय.

"अहो," त्या लांबूनच म्हणाल्या, "तुमची मुलगी बोलली हो आज."

 आणि सांगत सुटल्या.

"गोष्ट सांगत होते मी. मुंगीची नि नाकतोड्याची. आपली नेहमीची, शेवटी मुंगी म्हणते उन्हाळाभर गात बसलास ना, मग आता नाच, आणि दार लावून घेते. झालं, गोष्ट संपली. तर मागून आवाज, 'उघाडं.' म्हटलं कोण ते? सगळी पोरं वळून बघतायत. ही उभी. दोन्ही मुठी अशा घट्ट. 'तिनी दार उघाडं,' म्हणते. 'खळ वाळनी नि उघाडं. तिनी भाकर दिनी.' म्हटलं, अगं पण कुठल्या मुंगीनं? तर मला म्हणते कशी, 'आमना घरनी.'" बाईंनी श्वास घेतला. "हे खळीचं काय आहे हो?"

मी सांगायचा प्रयत्न केला. भिंत, शीट, मैदा, असं काही तरी बोललो असेन. बाईंना किती कळलं कोण जाणे. त्या जागूकडे बघत म्हणाल्या, "मला खोटं पाडलंन भर वर्गात. सात महिने तोंड शिवून बसली होती आणि उघडलं ते मला खोटं पाडायला. कोकणात शोभली असती." आणि त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसल्यासारखं करून.

जागू माझं बोट धरून चालत होती.  नळापाशी ओडिशाच्या एका पोरानं रोजच्यासारखं "ए गुडिया" म्हटलं, तेव्हा मात्र थांबली आणि म्हणाली, "जागृती." आणि घरात पळाली.

माय ठरल्याप्रमाणे संक्रांतीला आली. डोक्यावर पदर, हातात लाडवाचा डबा, पायांना अजून एस.टी.ची सूज. उंबऱ्यातच थांबून भिंतीकडे बघितलं. "हाई काय करी ठेवं? भिंतभर कोल्हा?" जागूनं तिचा हात धरला, तिला खाटेवर आडवं केलं, मान खाली सोडायला लावली आणि मोठ्यानं, गावातल्या जुन्या रेडिओसारखं, एका दमात सगळ्यांची ओळख करून दिली. कोण कुणाच्या पोटात उभं आहे, कुणाचं तोंड कशात अडकलं आहे, कुठून नदी ओलांडायची. शेजारची बिहारी वहिनी दारात येऊन उभी राहिली. माझी म्हातारी आई खाटेवर उताणी, पदर जमिनीला लागलेला, आणि लालबुंद तोंडानं म्हणतेय, "हा... हा... मंग?"

परत निघाली तेव्हा स्टँडवर मी जागूच्या कपड्यांची पिशवी पुढे केली. तिनं नाही म्हटलं. "ऱ्हाऊ दे तिले आठे," ती म्हणाली, म्हणजे इथेच. "तिना कोल्हा आठे शेत." गाडी सुटल्यावर खिडकीतून पुन्हा ओरडली, "फळी खाले ठोक, उंदीरनं डोकं दिसत नई."

हे सगळं त्या एका थंडीतलं. आता जागृती सातवीत आहे. मैत्रिणींशी गुजराती, शेजाऱ्यांशी हिंदी, आजीशी फोनवर अहिराणी, बाईंशी मराठी, आणि सगळ्यांशी एकदम बोलायची वेळ आली तरी अडत नाही. संगीता म्हणते, कधी कधी बंद कर गं. भिंतीवरचे रंग उडून गेले आहेत. सिंह फिका, बैल तर जवळपास नाहीच. खालच्या रांगेपाशी ओल धरून कागद सुटत आलाय. मी गेले काही पावसाळे तो कोपरा तेवढा परत परत चिकटवत आलो, मुंगीचा. संगीताला वाटतं मला त्या चित्राची आवड आहे.

आवड आहेच. पण भीतीही होती. एखाद्या मुलीनं ज्या शेवटावर पाय ठेवून तोंड उघडलं, तो शेवट पुस्तकात नाहीच, हे तिनं कधी बघू नये असं वाटायचं. म्हणजे बाईच खऱ्या होत्या. ती सातवीत आहे, मोठी आहे, तरी.

इथवर लिहीपर्यंत रविवार उजाडला, आणि आम्ही तिघं भिंतीला पाणी मारायला लागलो. मैद्याची खळ पाण्यानं लगेच ढिली होते. संगीता वरून, मी मधून. जागृती नेमकी दाराच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, तो मी काढतो. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही फाडाल." आणि तिनं नखानं कड धरली, सावकाश, आणि शीट आख्खं सोललं. चुन्याचे पापुद्रे खाली पडले. तिनं ते उलटं केलं.

मी बादली हातात घेऊन उभा होतो.

मागचं अंग इतकी वर्षं उजेडाला लागलंच नव्हतं. रंग काल छापल्यासारखे. कमरेवर हात ठेवलेली मुंगी. बंद दार. बर्फातून निघालेला नाकतोडा, पाठमोरा, वाद्य काखेत. त्याच्या पावलांचे ठसेसुद्धा दिसत होते, ते मलाही पहिल्यांदाच दिसले. जागृती खाली बसली आणि बघत राहिली. सहा वर्षांची असताना सिंहाकडे बघायची तशीच, फक्त मान सरळ होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"छापताना बघितलं होतं?"

"हो."

तिनं चुन्याचा एक पापुद्रा बोटानं टिपला. संगीतानं पाणी मारायचं थांबवलं होतं.

"ही दुसरी मुंगी आहे," जागृती म्हणाली. "ही आपली नाही." आणि शीट परत सरळ केलं. "खळ करा ना मम्मी थोडी."

"अगं पण भिंत रंगवतोय तो मालक."

"दार नाही रंगवत."

आमच्या खोलीचं दार पत्र्याचं आहे, आतून गंजलेलं, त्याला कधीच कुणी रंग देत नाही. संगीतानं मैदा शिजवला. जागृतीनं पुन्हा त्याच अंगाला खळ लावली ज्याला मी लावली होती, आणि मी तिकडे बघत असताना एकदा माझ्याकडे बघितलं. मग दाराच्या आतल्या बाजूला, मध्यावर, शीट दोन्ही हातांनी सपाट केलं. आता नाकतोडा आमच्याच दारावर उभा होता, पाय उचलून. बाकीची जनावरं, जी अजून ओळखू येत होती ती, त्याच्याभोवती डोक्यावर.

तेवढ्यात बाहेरून कुणी तरी कडी वाजवली. टोकाच्या खोलीत परवाच एक कुटुंब आलंय, झारखंडकडचं असावं. त्यांची बाई असेल, किंवा तिचं ते लहान पोर, जे अजून कुणाशी बोललेलं नाही आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असतं. बादली हवी असेल, माचिस हवी असेल. मी उठायच्या आत जागृतीनं आतली कडी काढली. दार आतल्या बाजूला उघडलं, आणि त्याच्याबरोबर नाकतोडा, बर्फ, ठेंगणं दार, सगळं एका कुशीवर फिरून भिंतीकडे गेलं.

"आओ," ती बाहेरच्याला म्हणाली. "बस, दरवाजे को हाथ मत लगाना. अभी गीला है."